वेटोळ्याची कुळकथा

गोंदियाहून दुर्गकडे निघालेली गाडी गुदमा, आमगाव, धानोली मागे टाकत सालेकसाला पोहोचते. पुढचं स्टेशन दरेकसा, मग डोंगर, बोगदा, आणि बोरतलाव लागलं की छत्तीसगड. मुंबई–हावडा हा गजबजलेला मार्ग महाराष्ट्रातून बाहेर पडतो तो इथून. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला येणारे गोंड भाविक याच परिसरातल्या स्टेशनांवर उतरतात, पावसाळ्यात हाजरा फॉल पाहायला येणारी मंडळीही. बाकी वर्षभर, दिवसरात्र, मालगाड्या धडधडत जात असतात. त्यांना ओढणारी, थांबवणारी, मोजणारी आणि एकमेकींपासून लांब ठेवणारी वस्तू मुळात एकच आहे: तांब्याच्या तारेचं वेटोळं.

इंजिनाच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते आहे, चाकं फिरवणाऱ्या मोटारीत आहे, सिग्नलचा रंग ठरवणाऱ्या रिलेत आहे. रूळ ओलांडून गावात शिरलं तर धानाच्या बांधीत पाणी सोडणाऱ्या मोटारपंपातही तेच. मोटार जळाली की शेतकरी ती वायंडिंगच्या दुकानात घेऊन जातो. तिथला कारागीर काळवंडलेली जुनी तार खेचून काढतो आणि एनॅमल चढवलेली नवी, चकचकीत तार मोजून वेढे देत खाचांमध्ये बसवतो. वेढे किती, याच्यावर त्याचा सगळा भर असतो. पाच कमी पडले तर मोटार तापेल, पाच जास्त झाले तर जोर धरणार नाही. त्याच्या बोटांत जे ज्ञान आहे ते जगात येऊन दोनशेहून थोडी जास्त वर्षं झाली. त्याआधी माणसाला तार ठाऊक होती, चुंबक ठाऊक होता, वीजही थोडीफार ठाऊक होती. तारेला वेढा का द्यायचा, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

१८२० च्या वसंतात कोपनहेगनच्या विद्यापीठात हान्स क्रिस्टियान ओर्स्टेड व्याख्यान देत होता. विद्युत आणि चुंबकत्व यांचं काही नातं असावं, असा त्याचा जुना कयास होता. त्यानं बॅटरीच्या तारेजवळ होकायंत्र ठेवलं, धारा सुरू केली आणि सुई किंचित हलली. हालचाल इतकी बारीक होती की समोर बसलेल्यांना तिचं काही विशेष वाटलं नाही. ओर्स्टेडनं पुढे जुलैत मोठी बॅटरी घेऊन प्रयोग पुन्हा केले आणि २१ जुलै १८२० रोजी चार पानांचं लॅटिन पत्रक छापून युरोपभरच्या विद्वानांना धाडलं.

त्या पत्रकात एक अशी गोष्ट होती की वाचणारे चक्रावले. तोवर माहीत असलेली सगळी बलं सरळ रेषेत काम करणारी होती. पृथ्वी फळाला आपल्याकडे ओढते, चुंबक लोखंडाला आपल्याकडे ओढतो. इथे तार सुईला ओढतही नव्हती आणि ढकलतही नव्हती. ती सुईला आडवी फिरवत होती. तार सुईच्या वर धरली आणि धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे सोडली तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेकडे वळतं. तीच तार, तीच धारा, पण सुईच्या खाली धरली तर टोक पूर्वेकडे जातं. याचा अर्थ तारेचा प्रभाव तिच्याभोवती वर्तुळात फिरतो. आज दहावीची मुलं उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेला धरून बाकीची बोटं मिटतात आणि एका क्षणात उत्तर देतात. ते उत्तर मिळायला माणसाला बलाविषयीची आपली जुनी समजूत मोडावी लागली होती, हे मात्र वर्गात सहसा सांगितलं जात नाही.

बातमी पॅरिसला पोहोचली ती फ्रान्स्वा आरागोमार्फत. त्यानं जिनिव्हात हा प्रयोग पाहिला आणि ११ सप्टेंबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत करून दाखवला. श्रोत्यांत पंचेचाळीस वर्षांचा गणिताचा प्राध्यापक आंद्रे-मारी अँपिअर होता. पुढच्या काही आठवड्यांत त्यानं जे केलं त्याला तोड नाही. एकाच दिशेनं धारा वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात आणि उलट दिशेच्या एकमेकींना लोटतात, हे त्यानं दाखवलं. तार सर्पिलात गुंडाळली की ती दोन ध्रुवांच्या चुंबकासारखी वागते, हेही त्यानंच दाखवलं. शाळेत ज्याला नालकुंतल म्हणतात ते याच काळात जन्मलं. ऑक्टोबरअखेर बिओ आणि साव्हार या दोघांनी मोजमाप करून नियम मांडला: लांब सरळ तारेपासून अंतर दुप्पट केलं की तिचं चुंबकत्व निम्मं होतं. व्याख्यानातल्या त्या बारीक हालचालीपासून इथवर यायला एक वर्षही लागलं नाही.

माझ्या मते या कुळाचा खरा मूळपुरुष मात्र पॅरिसमध्ये नव्हता. तो जर्मनीत, हाले गावी होता. योहान श्वायगर हे त्याचं नाव, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. १६ सप्टेंबर १८२० रोजी, म्हणजे आरागोच्या प्रयोगानंतर पाचच दिवसांनी, त्यानं हाले इथल्या विद्वत्सभेपुढे आपली युक्ती ठेवली. ती अशी. सुईच्या वर उत्तरेकडे जाणारी धारा टोकाला पश्चिमेकडे वळवते. आता हीच तार सुईच्या टोकापाशी खाली वळवून सुईच्या खालून मागे आणली तर काय होईल? तार खाली गेली म्हणून परिणाम उलटायला हवा. पण आता धाराही उत्तरेऐवजी दक्षिणेकडे वाहते आहे, म्हणून तो पुन्हा उलटायला हवा. दोनदा उलटलेलं सुलटच होतं. खालची तारही सुईला पश्चिमेकडेच वळवते आणि परिणाम दुप्पट होतो. मग तार परत वर आणायची, पुन्हा खाली न्यायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला हात देतो. श्वायगरनं या यंत्राला गुणक असं नाव दिलं, कारण ते दुबळ्या धारेचा परिणाम गुणून दाखवत होतं.

यात नवा पदार्थ नव्हता, बॅटरी मोठी नव्हती, पैसा लागला नव्हता. होती ती फक्त तारेला वळवून परत आणण्याची बुद्धी. वायंडिंगच्या दुकानातला कारागीर वेढे मोजतो तो ही बुद्धी वापरूनच.

आकड्यांत पाहिलं तर वेढ्याची किंमत नीट कळते. सालेकसाला पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जो आडवा भाग होकायंत्राला उत्तर दाखवतो तो सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. एक अँपिअर धारेची लांब सरळ तार दहा सेंटीमीटरवर फक्त २ मायक्रोटेस्ला देते. तीच तार दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळवली तर मध्यभागी ६.३ मायक्रोटेस्ला मिळतात, म्हणजे सरळ तारेच्या बरोबर पाय पट; वर्तुळाचा पाय इथेही हजर असतो. त्यानं सुई जेमतेम नऊ अंश ढळेल. वेढे दहा केले की ६३ मायक्रोटेस्ला होतात, पृथ्वीपेक्षा दीडपट, आणि सुई सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांपर्यंत फिरते. धारा तीच, एक अँपिअर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर नावाचं जे लाकडी कड्याचं यंत्र असतं ते याच हिशेबावर चालतं.

पुढची पायरी लोखंडाची. १८२५ मध्ये विल्यम स्टर्जन या इंग्रजानं, जो आधी चांभारकामाचा शिकाऊ होता आणि मग सैन्यात होता, नालाच्या आकाराच्या नरम लोखंडावर व्हार्निश लावलं आणि वर उघड्या तारेचे अठरा वेढे दिले. दोनशे ग्रॅमच्या त्या नालानं चार किलोंचं वजन उचललं आणि धारा तोडताच सोडून दिलं. धरायचं कधी आणि सोडायचं कधी हे माणसाच्या हातात असलेला हा पहिला चुंबक. त्याची अडचण अशी की तार उघडी असल्यामुळे वेढे एकमेकांना चिकटवता येत नव्हते, मग थरावर थर कसे चढवणार? अमेरिकेत ऑल्बनीच्या शाळेत शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रीनं लोखंडाऐवजी तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढ्याला वेढा भिडवून शेकडो वेढे देता येऊ लागले. १८३१ मध्ये त्याच्या चुंबकानं नऊशे किलोंहून जास्त भार पेलला. त्याच सुमाराला त्यानं खोलीभर फिरवलेल्या मैलभर तारेच्या टोकाला विद्युतचुंबकानं घंटा वाजवून दाखवली. आज तारेवर जो एनॅमलचा पातळ लेप असतो तो हेन्रीच्या रेशमाचा वारस आहे. मोटार जळते म्हणजे बहुतेक वेळा हा लेपच जळतो आणि वेढे एकमेकांना भिडून धारेला आडवाट मिळते.

घंटा लांबून वाजवता आली तेव्हा निरोपही लांबून धाडता येणार हे उघड होतं. १८३७ मध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी इंग्लंडमध्ये सुयांच्या तारयंत्राचं पेटंट घेतलं, आणि दोनच वर्षांत ते रेल्वेच्या कडेनं उभं राहिलं. वेटोळं आणि रेल्वे यांची सोयरीक ही अशी पहिल्यापासूनची आहे. त्याच १८३९ साली कलकत्त्यात मेडिकल कॉलेजचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यानं बांबूंवर कित्येक मैल तार टांगून निरोप पाठवण्याचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली खरी लाइन चालू झाली. तिच्यावरचं यंत्र ओशॉनेसीनं स्वतः बसवलेलं होतं: बारीक तारेचं वेटोळं आणि त्यात डावी-उजवी हलणारी चुंबकाची सुई, बस. श्वायगरचा गुणकच तो. १८५५ मध्ये तारसेवा लोकांना खुली झाली तोवर कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास एकमेकांशी जोडली गेली होती.

सालेकसाच्या बाजूला रूळ आले ते १८८० च्या दशकात. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा मीटर गेजचा मार्ग नागपूरहून राजनांदगावला गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं तो ताब्यात घेऊन ब्रॉड गेज केला आणि पुढे पूर्वेला नेला. जंगलातल्या या स्टेशनांना एकमेकांशी बोलल्याशिवाय गाडी सोडणं शक्यच नव्हतं, कारण पुढची गाडी बोगद्यापलीकडे कुठे आहे हे इथल्या स्टेशन मास्तरला दिसणार कसं?

या प्रश्नाला रेल्वेनं दिलेलं उत्तर म्हणजे ब्लॉक यंत्र. भारतातल्या दुहेरी मार्गांवरच्या स्टेशनांत ते कित्येक दशकं टेबलावर होतं. लाकडी किंवा लोखंडी पेटी, समोर काचेआड एक सुई, खाली फिरवायची मूठ, बाजूला घंटा. गाडी सोडणारा स्टेशन मास्तर घंटेचे ठोके देऊन पुढच्या स्टेशनाला विचारतो. मार्ग रिकामा असेल तर तिकडचा मास्तर मूठ एका बाजूला फिरवतो. तारेतून एका दिशेनं धारा येते, इकडच्या वेटोळ्यातली सुई एका बाजूला झुकते: लाइन क्लिअर. गाडी सुटल्याचं कळलं की तिकडे मूठ दुसऱ्या बाजूला फिरते, धारा उलटते आणि सुईही उलटी झुकते: ट्रेन ऑन लाइन. गाडी पोहोचली की धारा बंद आणि सुई उभी. वेटोळ्याची धारा उलटली की चुंबकत्व उलटतं, हा अँपिअरच्या काळचा धडा इथे हजारो जिवांच्या रक्षणाला लागला. एकेरी मार्गांवर नीलच्या यंत्रातला गोळा असे. समोरच्या स्टेशनानं धारा सोडल्याशिवाय यंत्रातून तो निघत नसे आणि गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे.

या सगळ्या घराण्यात मला सर्वांत थोर वाटतो तो ट्रॅक सर्किटचा रिले. अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन यानं १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेशनच्या सांध्यांनी वेगळा करायचा. एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिलेचं वेटोळं. धारा एका रुळानं जाते, वेटोळ्यातून फिरते, दुसऱ्या रुळानं परत येते. वेटोळं चुंबक होऊन लोखंडाची पट्टी वर धरून ठेवतं, आणि पट्टी वर आहे म्हणूनच सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रुळांना जोडून टाकतात. धारेला जवळची वाट मिळते, वेटोळं उपाशी राहतं, पट्टी खट्कन सुटते आणि सिग्नल लाल होतो.

मोठेपण आहे ते उलट्या मांडणीत. गाडी आली की धारा सुरू व्हावी, अशी मांडणी कोणालाही पहिल्यांदा सुचेल. रॉबिन्सननं धारा कायम चालू ठेवली आणि तिचं जाणं हाच धोका मानला. त्यामुळे बॅटरी उतरली, तार तुटली किंवा रूळच तडकून वेगळा झाला तरी पट्टी पडते आणि लालच दिवा लागतो. यंत्र बिघडलं तर गाडी थांबेल, आदळणार नाही. माणसाच्या जिवाची काळजी एखाद्या जोडणीत इतकी पक्की उतरलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

इथपर्यंतची वेटोळी माणसानं मुद्दाम गुंडाळलेली. पण धारा जिथून निघते तिथे तिला परतावंच लागतं, त्यामुळे प्रत्येक विजेची वाट हे एक वेटोळंच असतं, आपण गुंडाळलं नसलं तरी. ही दुसरी शाखा आपल्या मुंबईतही त्रासदायक ठरू पाहत होती.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार तिची देखरेख करत. पुढे गणिती म्हणून नाव झालेले केरूनाना छत्रे तरुणपणी त्यांच्या हाताखाली तिथे कामाला होते, आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. मराठी माणसानं आधुनिक विज्ञानाशी हातमिळवणी केली ती ज्या मोजक्या जागी, त्यातली ही एक. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची कुलाब्याची नोंद, सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण, आजही जगभरचे अभ्यासक वापरतात.

मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्रामचा विचार सुरू झाला. ट्रामची धारा वरच्या तारेनं येते आणि रुळानं परत जाते. जाणारी आणि येणारी धारा जवळजवळ असल्या तर त्यांची चुंबकत्वं दुरून एकमेकांना खोडून टाकतात. शंभर अँपिअरची एकटी लांब तार एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्ला देते, पण पाच मीटरवरून तेवढीच धारा परत येत असेल तर दोन्ही मिळून दशांश नॅनोटेस्लाच उरतो. रूळ मात्र जमिनीवर टेकलेले असतात. धारा त्यांच्यातून मातीत पाझरते, ओलाव्याच्या, नळांच्या वाटेनं भलतीकडून परत येते, आणि वेटोळं शहराएवढं पसरतं. काही नॅनोटेस्लांचे चढउतार टिपणाऱ्या यंत्रांना हे सोसणारं नव्हतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. कोकणातला काळा दगड स्वतःच चुंबकीय, म्हणून इमारतीला दगड पोरबंदरहून आणला. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे नव्या आकड्यांची जुन्यांशी सांगड बसावी. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा मूस यांची घडी बसलेली होती. विकास आणि विज्ञान यांच्यात भांडण लागण्याआधीच दोघांची सोय पाहणारा हा माणूस आपल्याकडे अधिक ओळखीचा व्हायला हवा. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

ट्रामची अडचण पुढे मोठ्या आकारात रेल्वेत आली. भारतीय रेल्वेनं १९५७ मध्ये २५ हजार व्होल्टची, सेकंदाला पन्नास आवर्तनांची पद्धत स्वीकारली आणि १९५९ मध्ये राजखरसावनच्या बाजूला पहिला तुकडा चालू केला. गोंदिया–दुर्ग भागात ही तार आली १९९० च्या सुमारास. दरेकसाच्या डोंगराकडे चढणारं मालगाडीचं इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा वरच्या तारेतून दोनशेच्या आसपास अँपिअर वाहतात. तारेखाली चार मीटरवर त्याचं चुंबकत्व दहा मायक्रोटेस्लांच्या घरात भरतं, म्हणजे पृथ्वीच्या आडव्या भागाच्या पाव हिस्सा. तरीही प्लॅटफॉर्मवर होकायंत्र धरलं तर सुई ढळत नाही, कारण ही धारा सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते आणि सुईला कुठल्याच बाजूला जायला सवड मिळत नाही.

सुई गप्प राहते, शेजारून जाणारी टेलिफोनची तार मात्र राहत नाही. फॅरडेनं १८३१ मध्ये एका लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून दाखवलं होतं की बदलतं चुंबकत्व दुसऱ्या वेटोळ्यात वीज उपजवतं. वरची तार आणि जमिनीत पाझरून परतणारी धारा हे पहिलं वेटोळं, मार्गालगतची टेलिफोनची तार हे दुसरं. तिच्यात गुणगुण शिरते, प्रसंगी धोकादायक दाबही चढतो. यावर उपाय निघाला तो पुन्हा वेटोळ्याचाच. जिथे असा त्रास संभवतो तिथे खांबांवर परतीची एक वेगळी तार ओढतात आणि दर अडीच-तीन किलोमीटरवर बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्याच्या गाभ्यावर सारख्या वेढ्यांची दोन वेटोळी असतात, एक वरच्या तारेच्या वाटेत, दुसरं परतीच्या तारेच्या वाटेत. वर जेवढी धारा, तेवढीच दुसऱ्या तारेतून परत यायला भाग पडते. मातीत गेलेली धारा ओढून वर आणली जाते, जाणारी आणि येणारी शेजारी शेजारी येतात आणि दूरवर एकमेकींना खोडतात. मार्गालगतचं बरंचसं बोलणं आता काचेच्या तंतूतून, प्रकाशावर चालतं. त्याला चुंबकाचं काही देणंघेणं नसतं.

रुळात मात्र दोन्ही शाखा समोरासमोर येतात. जिथे ट्रॅक सर्किट आहे तिथे दोनपैकी एक रूळ इंजिनाची शेकडो अँपिअरची परतीची धारा वाहतो, आणि त्याच रुळातून रिलेची इवलीशी बॅटरीची धाराही जायची असते. मोठ्या धारेनं रिलेला चुकून उठवलं तर गाडी उभी असताना मार्ग रिकामा दिसेल. म्हणून अशा भागांत वापरायच्या रिलेच्या गाभ्यावर तांब्याची जाड कडी बसवतात. ती कडी म्हणजे एकाच वेढ्याचं बंद वेटोळं. बॅटरीची स्थिर धारा आली तर कडी स्वस्थ असते. पन्नास आवर्तनांची धारा आली तर बदलत्या चुंबकत्वानं कडीत धारा उपजते आणि ती धारा त्या बदलालाच विरोध करते, त्यामुळे चुंबकत्व पट्टीपर्यंत पुरेसं पोहोचत नाही.

आता अनेक मार्गांवर ट्रॅक सर्किटच्या जोडीला किंवा जागी अ‍ॅक्सल काउंटर आले आहेत. रुळाच्या दोन बाजूंना दोन डबडी असतात, एकात वेटोळं चुंबकत्व सोडतं, दुसऱ्यातलं टिपतं. मधून चाक गेलं की टिपलेलं चुंबकत्व बदलतं आणि एक आस मोजली जाते. आत गेलेल्या आसा आणि बाहेर आलेल्या आसा सारख्या झाल्या तरच मार्ग मोकळा. श्वायगरनं ज्या सुईला वेढे घातले ती सुई यात कुठे नाही, वेढे तेवढे राहिले आहेत.

सालेकसा, आमगाव, देवरीकडच्या शाळांमधल्या विज्ञानाच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हा धडा फळ्यावर संपवू नका. रेल्वेच्या तारेजवळ कुणालाही नेऊ नका, २५ हजार व्होल्टला अंतर राखावंच लागतं, आणि त्याची गरजही नाही. वायंडिंगच्या दुकानातून सात-आठ मीटर एनॅमलची तार मागून आणा, टोकं पॉलिश पेपरनं घासा, एक मोठा सेल आणि एक होकायंत्र घ्या. वर्गाच्या टेबलावर दहा सेंटीमीटर त्रिज्येचा एकच वेढा उत्तर-दक्षिण उभा करा आणि होकायंत्र मधोमध ठेवा. उरलेली तार मधून दुमडून तिचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटवून बाजूला ठेवा, म्हणजे त्यातली जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना खोडेल. सेल दोन-तीन सेकंदच जोडा आणि सुई किती ढळली ते मुलांना लिहू द्या. मग ती दुमडलेली तार उलगडून एकूण दहा वेढे करा आणि तोच सेल पुन्हा जोडा.